सिंगापूर ते क्वालालंपूर : पाऊण तासाचा पल्ला

आपल्याकडे एखादे गाव किती लांब आहे असे विचारले, तर उत्तर बहुधा किलोमीटरांत मिळत नाही, वेळेत मिळते. "आहे दोन तासांवर," "सकाळी निघालात तर जेवायला पोचाल," "एक झोप झाली की आलेच." पूर्वीचे लोक मजल म्हणत, आणि मजल म्हणजे माणूस नि त्याचे जनावर एका दिवसात जेवढे चालेल तेवढे. घाटात मजल आखूड, सपाटीवर लांब. मोजणीकामगाराला हे माप अजागळ वाटेल, पण वाटसरूला तेच उपयोगी. विमान आले आणि मजल गेली, अशी आपली समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहायचे तर आग्नेय आशियातल्या दोन विमानतळांमधला एक लहानसा पल्ला घ्यावा : सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि क्वालालंपूरचा, सेपांग येथे बांधलेला, विमानतळ.

हाच पल्ला का, असे कोणी विचारील. एक कारण घरगुती आहे. गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय, आणि ग्वाल्हेरातल्या शिकवणीचा धागा हल्ली कुठवर जाईल याचा नेम राहिलेला नाही. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी लग्नानंतर सिंगापूरला राहते. एक शिष्य नोकरीनिमित्त क्वालालंपूरला आहे. दोघांकडे मिळून पंधरा-वीस मुले शिकतात. त्यांना शिकवायला गेलो की या दोन शहरांत माझी ये-जा होते. दुसरे कारण मात्र सार्वजनिक आहे. फेब्रुवारी २०१८ अखेरच्या बारा महिन्यांत या मार्गावर ३०,५३७ उड्डाणे झाली आणि जगातल्या आंतरराष्ट्रीय हवाई मार्गांत त्याचा पहिला क्रमांक लागला. भागाकार केला तर दिवसाला सरासरी चौऱ्यायशी विमाने होतात. म्हणजे रात्र जमेस धरूनही दर सतरा मिनिटांना एक. लंडन-न्यूयॉर्क नव्हे, पॅरिस-रोम नव्हे. ज्यांची नावे आपल्या मुलांना भूगोलाच्या पेपरापुरती आठवतात अशा दोन शहरांमधला हा मार्ग.

अंतराचा हिशोब घरबसल्या करता येतो. चांगी विमानतळ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १ अंश २१ मिनिटांवर आहे आणि सेपांगचा २ अंश ४५ मिनिटांवर. म्हणजे उत्तरेकडे १ अंश २४ मिनिटे सरकायचे. रेखांश पाहिले तर पश्चिमेकडे सुमारे २ अंश १७ मिनिटे. विषुववृत्ताजवळ एक मोठी सोय अशी की तिथे रेखांशाचा अंशही अक्षांशाच्या अंशाइतकाच, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर भरतो. तेव्हा उत्तरेकडे १५५ किलोमीटर आणि पश्चिमेकडे २५३. शाळेत शिकलेला कर्णाचा सिद्धांत लावला की उत्तर येते २९७. वैमानिकांची कोष्टकेही हाच आकडा देतात. ग्वाल्हेरहून दिल्लीला आगगाडीने जावे, साधारण तेवढेच अंतर.

आता वेळ. जेट विमान उंचावर पोचल्यावर ताशी आठशे किलोमीटरांच्या वर धावते. त्या वेगाने २९७ किलोमीटर एकवीस-बावीस मिनिटांत संपायला हवेत. प्रत्यक्षात चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. बाकीची मिनिटे जातात कुठे? ती चढण्या-उतरण्यात जातात. विमानाला आपला तो आठशेचा वेग विरळ हवेतच साधतो आणि तिथवर चढायलाच शंभर-सव्वाशे किलोमीटर खर्ची पडतात. उतरण्याचे गणित तर वैमानिक तोंडपाठ ठेवतात : दर हजार फूट उतरायला सुमारे साडेपाच किलोमीटर. चोवीस हजार फुटांवरून खाली यायचे तर एकशे तीस किलोमीटर आधीपासून उतरणीला लागले पाहिजे. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली सामान्यतः ताशी ४६० किलोमीटरांच्या वर जायचे नाही, असा नियम. एवढे सगळे वजा केले की सरळ, सपाट, पुऱ्या वेगाचा प्रवास उरतो पन्नास-साठ किलोमीटरांचा. म्हणजे चार-पाच मिनिटांचा. विलंबित एकतालाची चार-पाच आवर्तने म्हणा. हवाई सुंदरी तेवढ्यात फळांच्या रसाची पुडकी वाटते आणि रिकामी गोळाही करते. तिची ती लगबग पाहून मला द्रुत लयीत तिहाई साधणाऱ्या तबलजीची आठवण होते. समेच्या आत सगळे बसलेच पाहिजे.

आणि तरीही वेळापत्रकात या उड्डाणाला एक तास, कधी सव्वा तास लिहिलेला असतो. यात लबाडी नाही. विमानतळावरच्या भाषेत प्रवासाचा वेळ मोजतात तो चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लावीपर्यंत. बैलगाडी उभी केली की आपण चाकाला दगड लावतो ना, तसलाच हा प्रकार. ठोकळे निघाल्यावर विमान रांगत रांगत धावपट्टीच्या टोकाशी जाते. चांगीच्या धावपट्ट्या चार-चार किलोमीटर लांब आहेत आणि त्या साधारण दक्षिणोत्तर पसरल्या आहेत. विमानतळ बेटाच्या पूर्व टोकाला आणि जायचे वायव्येला. म्हणजे उड्डाण झाल्यावरही तोंड वळवायचे आहेच. अशा रीतीने एकवीस मिनिटांचे पाऊण तास आणि पाऊण तासाचा सव्वा तास होतो.

पण प्रवासी काही विमानतळावर राहत नसतो. २०२४ मधल्या माझ्या एका फेरीची टिपणे मी वहीत लिहून ठेवली आहेत; ती तशीच देतो. सकाळी नऊला मुक्कामाच्या घरून निघालो. विमानतळावर नऊ चाळीस. तंबोऱ्यासंबंधी खिडकीवर बोलाचाली, वीस मिनिटे. (त्या विमान कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांचे फॉर्म सारखेच असतात आणि कोणत्याही फॉर्मवर तंबोऱ्याला रकाना नसतो. शेवटी त्याची नोंद "इतर" या सदरात झाली.) मग पारपत्र, तपासणी आणि बसून राहणे. विमान जागचे हलले बारा दहाला. चाके उचलली बारा तीसला, टेकली एक वाजून तेरा मिनिटांनी. इमारतीशी लागले एक पंचवीसला. पुन्हा पारपत्र, सामान, दोन वीस. शहरात जाणारी गाडी दोन पस्तीसला मिळाली, तीन वाजून गेल्यावर तिने क्वालालंपूरच्या मुख्य स्थानकात सोडले आणि शिष्याच्या घरी पायरी चढलो तेव्हा साडेतीन वाजले होते. नऊ ते साडेतीन, साडेसहा तास. त्यांपैकी हवेत त्रेचाळीस मिनिटे. नववा हिस्सा.

शिष्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "गुरुजी, इथे सगळे असेच म्हणतात आणि सगळे पुन्हा विमानानेच जातात."

या साडेसहा तासांत दोष कुणाचा, असे विचारण्यापेक्षा हा वेळ साठत कसा गेला ते पाहणे अधिक रंजक आहे. त्यासाठी जरा मागे जाऊ.

सिंगापूरचा कालांग विमानतळ १२ जून १९३७ रोजी उघडला. शहराला अगदी लागून. त्यानंतर सोळाच दिवसांनी, २८ जूनला, वेर्न्स एअर सर्व्हिसने सिंगापूर-क्वालालंपूर-पेनांग अशी नियमित सेवा सुरू केली. विमान होते दोन पंखांचे, दोन इंजिनांचे ड्रॅगन रॅपिड; वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्या थोडा वर. (सिंगापूर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा जोहोरचा बांध १९२४ साली उघडला, तोही २८ जूनलाच. पंचांगात या तारखेला प्रवासाचा योग लिहिलेला असावा.) महायुद्धाने ती सेवा गिळली. मग २ एप्रिल १९४७ रोजी मलायन एअरवेजचे पहिले विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला गेले आणि १ मेपासून वेळापत्रक लागले. एअरस्पीड कॉन्सल जातीचे हे विमान पाच उतारू नेई. पहिल्या विमानाचे नाव 'राजा उडांग'. मलय भाषेत हे नाव खंड्या पक्ष्याचे. त्यातला 'राजा' मात्र आपल्याकडूनच तिकडे गेलेला. इतका पूर्वी गेला की आता तिथल्या पाखरांच्या नावांतही मुरला आहे.

त्या विमानाला हवेत आजच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत असणार. पण कालांग सिंगापूरच्या कुशीत होता आणि क्वालालंपूरचा त्या काळचा सुंगाई बेसी विमानतळही शहराच्या हद्दीत. उतारू पाच, त्यांची रांग ती केवढी? आणि मुख्य म्हणजे दोन्ही टोकांना अंमल एकाच सरकारचा.

विमाने मोठी होत गेली तसतसे विमानतळ शहरापासून दूर सरकले. सिंगापूरचा विमानतळ कालांगहून १९५५ साली पाया लेबारला आणि १९८१ साली चांगीला गेला. क्वालालंपूरचा १९६५ साली सुंगाई बेसीहून सुबांगला आणि जून १९९८ मध्ये सेपांगला. या शेवटच्या स्थलांतराची एक मौज आहे. सेपांग शहराच्या दक्षिणेला, म्हणजे सिंगापूरच्याच बाजूला आहे. चांगीपासून सुबांग हवेतून सुमारे ३३५ किलोमीटर, सेपांग २९७. म्हणजे विमानतळ हलवताच हवाई अंतर अडतीस किलोमीटरांनी घटले. विमानाचे भले झाले. माणसाला मात्र उतरल्यावर शहराकडे सत्तावन्न किलोमीटरांचा लोहमार्ग उरला. त्यावर २००२ साली वेगवान गाडी सुरू झाली. अठ्ठावीस मिनिटांत शहर गाठणारी. चांगली स्वच्छ, वेळेवर सुटणारी गाडी आहे. पण अठ्ठावीस मिनिटे म्हणजे अख्ख्या हवाई प्रवासाच्या दोनतृतीयांश झाली. शिवाय सेपांगला मुख्य इमारत एकीकडे आणि विमाने लागतात ती उपग्रह-इमारत दुसरीकडे. दोहोंमध्ये चालकाविना चालणारी छोटी गाडी आहे, सव्वा किलोमीटरची. ती मार्च २०२३ पासून १ जुलै २०२५ पर्यंत बंद होती आणि तेवढ्या काळात उतारूंना बसने फिरून जावे लागे. एका विमानतळाच्या पोटात एक आगगाडी आणि ती बंद पडली तर तिच्या बदली बस! आमच्या ग्वाल्हेर-श्योपूर छोट्या रेल्वेला दोनशे किलोमीटरांना दहा तासांवर लागत, म्हणून लोक तिला हसत. ती २०२० साली बंद झाली. पण तिच्या डब्यात चढले की माणूस एकदाच चढे.

दुसरी गोष्ट सरहद्दीची. १६ सप्टेंबर १९६३ रोजी सिंगापूर मलेशियात सामील झाले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी वेगळे झाले. सुबांगचा नवा विमानतळ उघडला तो त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३० ऑगस्टला. म्हणजे हा विमानतळ उघडण्याच्या महिनाभर आधी सिंगापूरचे उड्डाण देशांतर्गत होते आणि तो उघडला तेव्हा परदेशी झाले होते. घर वाटले तरी स्वयंपाकघर काही दिवस सामाईक राहते, तशी विमान कंपनी मात्र दोघांची एकच राहिली; मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स हे तिचे नाव. १ ऑक्टोबर १९७२ रोजी तीही वाटली गेली आणि आजच्या दोन राष्ट्रीय कंपन्या झाल्या. या गजबजलेल्या मार्गावर पुढे पस्तीस वर्षे मुख्यतः त्या दोघींचाच हक्क होता. स्वस्त दराच्या कंपन्यांना तो खुला झाला १ फेब्रुवारी २००८ रोजी. खुष्कीच्या मार्गावर पारपत्राची तपासणी १९६७ पासून सुरू झाली. त्याआधी जोहोर ओलांडून जाणे हे गल्ली ओलांडण्यासारखे होते, असे तिथले वृद्ध सांगतात. संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाटेत तीन दरबारांचे नाके लागत आणि प्रत्येक नाक्यावर तंबोऱ्याची गवसणी सोडून दाखवावी लागे, हे वडिलांच्या तोंडून मी ऐकले आहे. ते दरबारात गात. त्यांचे नाके विलीनीकरणाने उठले. तिकडे उलट झाले. रस्ता एक होता, त्यावर नाका आला.

या दोन शहरांच्या घड्याळांची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण प्रवासाच्या वेळेशी तिचा थेट संबंध असल्यामुळे थोडक्यात सांगतो. सिंगापूरचा सूर्य खरे पाहता ग्रिनिचच्या सहा तास पंचावन्न मिनिटे पुढे आहे. १९०५ साली घड्याळ सात तास पुढे केले. सूर्यापासून पाचच मिनिटे दूर, अगदी प्रामाणिक. १९३३ साली ते आणखी वीस मिनिटांनी पुढे सरकवले, १९४१ साली आणखी दहा मिनिटांनी. झाले साडेसात तास. जपानी फौजा आल्या तेव्हा टोकियोचे नऊ तास लागू झाले. त्या गेल्यावर पुन्हा साडेसात. १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाने बोर्निओकडील आपल्या प्रांतांशी मेळ घालण्यासाठी आठ तास धरले आणि सिंगापूरने त्याच दिवशी आपलेही घड्याळ अर्धा तास पुढे केले. सिंगापूरने तसे केले नसते तर मोठी गंमत झाली असती. चांगीहून पाऊण तास उडालेले विमान घड्याळाप्रमाणे सव्वा तासाने पोचले असते आणि परतीचे पंधरा मिनिटांत!

ही मिनिटांची ओढाताण इतरांना किरकोळ वाटेल. गाणाऱ्याला वाटत नाही. आम्हां लोकांचे राग सूर्याच्या हिशोबाने चालतात आणि इथला सूर्य घड्याळाच्या तासभर मागे आहे. सिंगापुरात वर्षाचे बाराही महिने सूर्योदय सातच्या आगेमागे. डोक्यावर सूर्य येतो तो दुपारी एकला. पहिल्या वर्षी मी मुलांना पहाटे सहाला भैरव शिकवायला बसवले, तर खिडकीबाहेर मिट्ट काळोख. एका मुलाने विचारले, "गुरुजी, हा रात्रीचा राग आहे का?" तेव्हापासून वर्ग साडेसातला. क्वालालंपूर आणखी सव्वादोन अंश पश्चिमेला, म्हणजे तिथे सूर्य सरासरी नऊ मिनिटे उशिरा येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एक गोष्ट मात्र आमच्या शास्त्राला फार सोयीची : विषुववृत्ताजवळ दिवस आणि रात्र वर्षभर जवळपास समान, त्यामुळे चारही प्रहर बारमाही सारखे. ग्वाल्हेरला जूनमधला प्रहर आणि डिसेंबरातला प्रहर यांत दिवसाकाठी मोठा फरक पडतो. रागसमयाचा तक्ता करणाऱ्याने आपला आश्रम खरे तर मलायात काढायला हवा होता.

प्रहर म्हटले की नौबत आठवते. दरबारी शहरांत नगारखान्यातून ठराविक वेळांना चौघडा झडे आणि लोक त्यावरून दिवसाची वेळ धरत. नौबत या अरबी शब्दाचा मूळ अर्थच पाळी, खेप. हा शब्द मला पुन्हा भेटला तो सेपांगच्या मुलखात. सेपांग सेलांगोर या सुलतानी राज्यात आहे आणि सेलांगोर, पेराक, केदाह, तेरेंगानू या राज्यांत राजवाद्यांचा एक जथा आजही आहे. त्याचे नाव 'नोबात'. त्यातल्या वाद्यांची नावे ऐका : नेंगकारा, म्हणजे आपला नगारा, सेरुनाई, म्हणजे सनई, नफीरी, जी आपल्याकडेही नफीरीच. वादन वेळ सांगण्यासाठी होत नाही. राज्यारोहण, राजघराण्यातले समारंभ अशा प्रसंगी होते. ग्वाल्हेरच्या माणसाला परमुलखात उतरून साडेसहा तासांच्या शिणानंतर नगारा आणि सनई या नावांची गाठ पडावी, याचे मोल मी इतरांना कसे पटवू? बाराशे कोसांवर वाद्यांची नावे पोचली, ती शिडाच्या जहाजांतून आणि मोसमी वाऱ्याच्या सवडीने. त्यांना किती महिने लागले असतील ते असोत.

साडेसहा तासांवर तोड काढण्याचा एक मोठा बेत मध्यंतरी झाला होता. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी वेगवान रेल्वेचा करार केला. सुमारे ३५० किलोमीटर, दीड तास, शहरातून थेट शहरात. क्वालालंपूरचे स्थानक कुठे होणार होते? सुंगाई बेसीच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर! म्हणजे पाच उतारूंचे विमान ज्या मैदानात उतरे, तिथूनच आगगाडी विमानाला मागे टाकायला निघणार होती. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, अटींवर एकमत होईना, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी करार संपुष्टात आला. मलेशियाने सिंगापूरला भरपाईपोटी १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर दिले. माझ्या मते या मार्गाला तीच खरी तोड होती. तीनशे-साडेतीनशे किलोमीटर हे अंतर विमानाचे नव्हेच. विमान पुरते सूर लावते न लावते तोच मैफल आटोपते. पण दीड तासाची ती गाडी कागदावरून उतरली नाही आणि मनुष्याच्या हाताशी विमान आणि मोटारबस ही रोजची साधने राहिलीच.

बसचा हिशोबही सांगितला पाहिजे. १९९४ साली उत्तर-दक्षिण द्रुतमार्ग पुरा झाला. त्यावरून ३५० किलोमीटर, सरहद्दीवरच्या दोन तपासण्या धरून पाच ते सहा तास. तपासणीला सामान घेऊन खाली उतरायचे, दुसऱ्या दाराने पुन्हा चढायचे. पूल ओलांडला की पुन्हा तेच. रबराच्या आणि ताडाच्या बागा इतक्या एकसारख्या की दोन तास झोप काढून उठलेल्या माणसाला आपण जागचे हललोच नाही असे वाटावे.

आणि तरी मी आता बसनेच जातो, ते तंबोऱ्यापायी. मिरजेचा लहान तंबोरा आहे. मोठा, वडिलांचा, मी घराबाहेर काढत नाही. सिंगापूरच्या हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर, आणि विमानाच्या पोटातली हवा राजस्थानच्या उन्हाळ्यासारखी कोरडी. विमानाला द्यायचा तर आधी चारही तारा सैल सोडाव्या लागतात, घोडीखाली फडके घालावे लागते, भोपळ्याला चहूकडून कापसाचे वेढे. पोचल्यावर तारा चढवल्या की खुंट्या धरत नाहीत. षड्ज लावावा तो पाच मिनिटांत उतरतो. वडील म्हणत, प्रवासानंतरचा पहिला दिवस वाद्याचा, गवयाचा नव्हे. त्या त्रेचाळीस मिनिटांच्या उड्डाणानंतर तंबोरा नीट बोलू लागला तो दुसऱ्या दिवशी दहा वाजता. घरून निघाल्यापासून पंचवीस तास झाले होते. मुले संध्याकाळी येऊन परत गेली होती.

बसने गेलो तेव्हा सकाळी आठला निघालो. तंबोरा शेजारच्या आसनावर, त्याचे निराळे तिकीट काढून. पहिल्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याने गवसणीकडे बोट दाखवले, मी ती सोडली. त्याने एक तार हळूच छेडून पाहिली आणि मान हलवून जा म्हटले. सव्वादोनला क्वालालंपूर. पाचला मुले आली तेव्हा जवारीवर सूत सरकवायचे तेवढे बाकी होते.